पाच देशांची परीक्षा, अकोल्याची मावशी

अमरावतीत मला ओळखणारी माणसं फार थोडी. ज्यांना मी रोज भेटते, ती तर भेटल्याबरोबर झोपी जातात. मी भूलतज्ज्ञ आहे. सकाळी राजापेठेतल्या एका दवाखान्यात, दुपारी कॅम्पात, संध्याकाळी बडनेरा रोडला, अशी बॅग घेऊन फिरते. ऑपरेशन झालं की पेशंट सर्जनसाठी पेढे आणतो. मी समोर उभी असले तर माझ्याकडे बघून विचारतो, "तुमी होत्या का जी तवा?"

मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याला भूल आठवत नाही त्याला ती चांगली मिळालेली असते, असं आमचे सर म्हणायचे. सर अकोल्याचे. मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले. शिकले म्हणजे दिवसभर उभी राहिले. अकोल्याच्या उन्हाळ्यात, घामाने ओल्या टोपीखाली, एकामागून एक केस. सरांनी हातात सुई दिली ती पहिल्याच महिन्यात, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत माझा हात असा बसला की डोळे मिटून पाठीच्या कण्यातली जागा सापडावी. याचा मला गर्व होता. पुढे जे झालं त्यात या गर्वाला जरा धक्का बसला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक वर्गमैत्रीण परदेशात असते. तिने एक लांबलचक कागद पाठवला. पाच देशांतल्या शिकवणाऱ्या डॉक्टरांनी आपण होऊन एक गट केला होता: नॉर्वे, पोर्तुगाल, केनिया, नेपाळ आणि आपण. भूलतज्ज्ञ कोणत्याही देशात तयार झाला तरी पहिल्या दिवशी त्याला काय काय आलंच पाहिजे, याची एक सामाईक यादी त्यांना करायची होती. सरकारी काही नव्हतं. पण यादी पटली तर पुढे एका देशाचा तज्ज्ञ दुसऱ्या देशाला परका वाटणार नाही, अशी त्यामागची आशा. कच्चा मसुदा सगळीकडे पाठवून ते मतं मागवत होते.

त्या दिवशी सर्जन परतवाड्याहून येताना अडकले होते. मी बाकावर बसून तो कागद वाचला. छान होता, गुळगुळीत होता. मी फोनवरच उत्तर लिहिलं. "लाईट गेल्यावर काय करायचं, हे तुमच्या यादीत कुठेच नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होतो आहे हे आवाजावरून ओळखणं नाही. मदतीला दुसरा डॉक्टर नसताना काय करायचं, तेही नाही. ही यादी ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांनी केलेली दिसते."

रागाच्या भरात पाठवून टाकलं आणि विसरले. दोन दिवसांनी उत्तर आलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, भारताची जागा सध्या रिकामी आहे, तुम्ही आमच्यात या.

मी सरांना फोन केला. सर आता निवृत्त, अकोल्यातच जठारपेठेत राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाय. पण तिथं नुसतं 'यस यस' करून येऊ नको. आणि उगाच भांडूही नको. तुला भांडणाचीच हौस जास्त आहे."

मग दर महिन्याला संध्याकाळी साडेपाचला बैठक सुरू झाली. घरातल्या मागच्या खोलीत मी लॅपटॉप लावून बसायची. घरच्यांनी त्या खोलीचं नावच 'परदेश' ठेवलं. कोणी विचारलं, आई कुठाय? की माझी मुलगी शांतपणे सांगायची, "परदेशात गेली. सातपर्यंत येते."

पहिले सहा महिने आम्ही वर्षांवर भांडलो. आपल्याकडे तज्ज्ञ व्हायला तीन वर्षं. नॉर्वेत जवळपास दुप्पट. तर मग दोघं सारखे कसे? मी म्हटलं, तुमचा विद्यार्थी सहा वर्षांत जेवढ्या भुली देतो तेवढ्या आमचा दीड वर्षात देतो. केनियाचे डॉक्टर, मोठे हसरे गृहस्थ, त्यांनी टेबलावर थाप मारून मला दुजोरा दिला. नेपाळच्या डॉक्टरांनीही मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

नॉर्वेची बाई गप्प होती. ती नेहमीच गप्प असायची. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, आखूड पांढरे केस. सगळ्यांचं बोलून झालं की एखादं वाक्य बोलायची. त्या दिवशी तिने विचारलं, "तुमच्या विद्यार्थ्याने शेकडो वेळा सुई टोचली, हे समजलं. त्यातल्या किती वेळा कोणीतरी शेजारी उभं राहून बघितलं आणि नंतर त्याला बसवून सांगितलं, की हे चुकलं आणि हे जमलं?"

मला राग आला, कारण उत्तर मला ठाऊक होतं. सर शेजारी उभे असायचे, पण शेजारच्या टेबलावर दुसरी केस चालू असायची आणि सरांना डोळे दोनच. मी आपली म्हणाले, "आमच्याकडे पेशंटच्या रांगा लागतात." ती म्हणाली, "हो. रांगा कशा उरकायच्या ते मी तुमच्याकडून शिकायला हवं. बसवून सांगणं तुम्ही आमच्याकडून."

शेवटी असं ठरलं की वर्षं मोजणं सोडून द्यायचं. प्रत्येक देशाने आपल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची एकसारखी परीक्षा घ्यायची आणि एक परीक्षक बाहेरच्या देशातून यायचा. डिग्रीची नव्हे, नुसती चाचणी, म्हणजे कोणाचं काही अडायला नको. पहिली कुठे घ्यायची? मी म्हटलं, अकोल्याला. सगळे नकाशात अकोला शोधू लागले. येणार कोण, असं मी विचारलं. नॉर्वेची बाई म्हणाली, "मी येईन. भांडण मीच सुरू केलं आहे."

परीक्षेत सहा टप्पे होते. पाच तर यंत्रं, औषधं आणि पुतळ्यावर करून दाखवण्याचे. सहावा होता ऑपरेशनआधी पेशंटशी बोलण्याचा. त्यासाठी खोटा पेशंट लागतो. परदेशात हे काम नट करतात. मला एकच व्यक्ती सुचली.

आम्ही शिकत होतो तेव्हा वॉर्डात एक मावशी होती. आयाचं काम. पण कोणता पेशंट खरं बोलतो आणि कोणता लपवतो, हे आमच्याआधी तिला कळायचं. आता ती निवृत्त होऊन रेल्वेलाइनीच्या पलीकडे राहते. लेक तहसील कचेरीत आहे, मुलगा शाळामास्तर. मी घरी गेले तेव्हा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं: पेशंट, वय साठ, पित्ताशयाचं ऑपरेशन, आपल्याला ऑपरेशनच्या मधेच जाग येईल अशी तिला भीती वाटते.

मावशीने शेंगा खाली ठेवल्या. "हे कोन बाई बोलून राहिली?"

"म्हणजे?"

"आमच्याकडची कोन्ती बाई अशी भेते? जाग आली त आली, उठून बसन. मॅडम, बाईले भेव एकच. झोपल्यावर लुगडं सावरन कोन? आतमंदी मानसं किती रायतीन? हे इचाराले लाज वाटते म्हनून ती इचारत नाई. नुसतं म्हनते, भेव लागते."

मी थक्क झाले. इतकी वर्षं रोज बायकांना भूल देते आहे. 'भेव लागते' हे तर रोज ऐकते. आणि रोज सांगते, 'काही होत नाही.'

"आनखी एक," मावशी म्हणाली. "उपाशी रायजा म्हनून सांगता तुमी. बाई म्हनते हाव. पन चहा घेऊन येते."

"चहा घेतला हे का सांगत नाही?"

"काहून सांगीन? चहाले का खानं म्हनतेत?"

मी हे दोन्ही कागदावर लिहून घेतलं आणि बाकीच्या चौघांना कळवलं. वऱ्हाडच्या पेशंटची भीती अशी असेल, आणि तिने सकाळी दुधाचा चहा आणि टोस्ट घेतलेला असेल. कोणी नेमकं विचारलं तरच ती सांगेल. भूल देताना पोटात दूध-टोस्ट असेल तर ते उलटून श्वासनळीत जाऊ शकतं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी भीती. चौघांनीही होकार दिला.

पाहुणी डिसेंबरात आली. नागपूरला उतरून अमरावतीला माझ्या घरी एक दिवस राहिली. तिला गिलावडा खाऊ घातला. वरून कढी आणि मिरचीची चटणी. तिने पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा लाल होत गेला. मी घाबरून दही पुढे केलं. तिने हातानेच थांबवलं, पूर्ण वडा संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हे आमच्या देशात औषधाच्या कपाटात ठेवतील." आणि दुसरा मागितला. मग मला ती आवडायला लागली. सहा महिन्यांचं भांडण दोन वड्यांत निम्मं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. बाहेर कपाशी फुटली होती, वेचणी चालू होती. समोर एक म्हातारी बसली होती. तिने पाहुणीला न विचारता संत्रं सोलून दिलं आणि मला विचारलं, "हिले लेकरं किती?" मी सांगितलं, दोन. "आन् नवरा काय करते?" मी पाहुणीला विचारून सांगितलं, बोटी दुरुस्त करतो. म्हातारीने जरा विचार केला. "आपल्याकडं आला त उपाशी मरन," ती म्हणाली. मी हे भाषांतर करून सांगितल्यावर माझी गप्प पाहुणी मूर्तिजापूर येईपर्यंत हसत होती.

परीक्षा दहाला सुरू झाली. आठ विद्यार्थी होते. बोलण्याच्या टप्प्यावर तीन खुर्च्या: सर, पाहुणी आणि मधे मी, तिच्या कानात भाषांतर करायला. सरांनी त्या दिवशी कोट घातला होता. समोर पलंगावर मावशी, हिरवं लुगडं, कपाळावर हात. इतकी आजारी दिसत होती की मी दोनदा तिच्याकडे काळजीने बघितलं. तिने मला डोळा मारला.

दोन विद्यार्थ्यांची गोष्ट सांगते.

पहिला पुण्याकडचा. उंच, कडक इस्त्रीचा एप्रन. आत येऊन त्याने हात जोडले, नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. "आपण सकाळपासून उपाशी आहात ना?" मावशी म्हणाली, "हाव." तो पुढे गेला. जुने आजार, औषधं, ॲलर्जी, सगळं क्रमाने. मग भूल कशी देतात, घसा दुखू शकतो, उलटी होऊ शकते, क्वचित दाताला धक्का लागतो. मावशी म्हणाली, "मले भेव लागते, बाप्पा." तो म्हणाला, "घाबरू नका. आजकालची भूल अत्यंत सुरक्षित आहे." घंटा व्हायच्या आत तो संपवून, आभार मानून गेला. यादीतल्या एकूणएक चौकटींवर पाहुणीची खूण झाली.

दुसरी, पाचव्या नंबरावर आलेली मुलगी, मूर्तिजापूरकडची, शेतकऱ्याची लेक. आत येता येताच तिचा पाय स्टुलाला लागला. नाव सांगायचं विसरली. पहिली दोन वाक्यं पुस्तकातली बोलली, मग मावशीचा चेहरा बघून पलंगाच्या कडेला बसली आणि एकदम घरच्यासारखी सुरू झाली.

"मावशी, सकायपासून तोंडात काय काय गेलं?"

"काई नाई वो."

"पानी?"

"घोटभर."

"चहा?"

मावशीने नजर चुकवली. "चहा त घ्याच लागते. त्याबिगर डोकं दुखते."

"दुधाचा ना? आन् संगं?"

"एकच टोस्ट. बुडवून."

"किती वाजता?"

"सात वाजले असतीन."

"मंग आता ऑपरेशन होत नाई, मावशी. दुपारून करू. आता पानीबी इचारल्याबिगर घ्याचं नाई."

सरांनी कोटाची बाही ओढली. भाषांतर करताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण पाहुणीने माझ्या हातावर बोट ठेवलं.

मावशी म्हणाली, "मले भेव लागते."

"कायचं भेव?"

मावशी गप्प. मुलगी थांबली. परीक्षेत थांबणं किती अवघड असतं, घड्याळ समोर चालू असतं. मग मावशीने हळूच लुगड्याचा पदर ओढून घेतला. मुलीने ते बघितलं.

"मी सोता तुमच्या उशाशी उभी रायतो, मावशी. झोपल्यावर बी. तुमचं अंग उघडं पडू देत नाई मी."

पाहुणीने पेन खाली ठेवलं. मी भाषांतर करायचं विसरले. तेवढ्यात घंटा झाली. घसा दुखण्याचं, उलटीचं, दाताचं, काही सांगायचं राहूनच गेलं होतं.

दुपारी तिघं मार्क जुळवायला बसलो. पाहुणीचा कागद: पुण्याचा मुलगा पास, मूर्तिजापूरची मुलगी नापास. सरांचा: मुलगा पास, मुलगी काठावर पास, पुढे लाल शाईत 'परीक्षेत बोलीभाषा?' असा शेरा. मी फक्त भाषांतरकार होते, पण मला राहवलं नाही.

"अहो, त्या मुलाने पेशंटला मारलं असतं! टोस्ट पोटात असताना भूल दिली असती. आणि तो पास?"

पाहुणी म्हणाली, "हो. यादीप्रमाणे तो पास आहे. 'उपाशी आहे का हे विचारलं' असं लिहिलं आहे, त्याने विचारलं. याचा अर्थ यादी चुकली आहे. ती आपण पाच जणांनी केली. तुम्हीही होतात."

हे खरं होतं.

"पण मुलीला तरी पास करा."

"नाही. तिने दोन फार मोठी कामं केली, तशी मी बारा वर्षांत कोणा विद्यार्थ्याने केलेली बघितली नाहीत. पण काय धोका आहे हे पेशंटला सांगितलं नाही. पेशंटला ते माहीत असायचा हक्क आहे. गोड बोलून तो टाळता येत नाही."

मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. म्हणजे त्यांना ते पटलं होतं आणि कबूल करायचं नव्हतं.

मग पाहुणीने विचारलं, "आमच्याकडे एक रकाना पेशंटचा असतो. तिला विचारूया?"

"पेशंट मार्क देणार?" सर म्हणाले. "उद्या म्हणाल, प्रेताला विचारा की पोस्टमॉर्टेम कसं झालं!"

पण उठून मावशीला हाक सरांनीच मारली.

मावशी चहा घेत होती, हक्काचा. मी म्हटलं, मनमोकळं सांग. मला खात्री होती की ती मूर्तिजापूरच्या मुलीच्या बाजूने बोलेल.

"तो पयला पोरगा," मावशी म्हणाली, "लय सभ्य हाये. संस्कार चांगले. पन मले वाटलं मी बँकेत खातं काढाले आली. त्यानं 'हाव' आयकलं आन् पुढं गेला. माझ्या तोंडाकडं पाह्यलंच नाई."

"आणि ती पाचवी?"

"ते पोरगी बेस हाये. तिनं चहा बी काढला आन् लुगडं बी काढलं." हे बोलून झाल्यावर काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. सरांना ठसका लागला. मी भाषांतर करू की नको, अशा पेचात. "म्हनजे लुगड्याचं भेव काढलं माझं. पन मॅडम, हे पाहा," असं म्हणून मावशीने ओठ बाजूला करून पुढचा एक दात बोटाने हलवून दाखवला. खरंच हलत होता. "ह्या पुन्याच्या पोरानं दाताचं सांगतलं. तिनं नाई सांगतलं. मी भूल उतरल्यावर उठली असती आन् दात गायब, त मी कोनाले धरलं असतं? तिलेच. नुसती माया करून होत नाई, सांगा बी लागते."

मी शब्दन् शब्द भाषांतर केला. करावंच लागलं. पाहुणी मावशीकडे बघत राहिली, मग उठून तिच्याशी हात मिळवला. मावशीने हात पदराला पुसून दिला.

निकाल असा लागला: दोघंही त्या टप्प्यात नापास. यादी पण नापास.

निकाल सांगायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी डोळे भरून म्हणाली, "मॅडम, मी दात पाह्यला होता. सांगाचं राहून गेलं." मी म्हटलं, तुझ्या मनात होतं हे पेशंटला कसं कळणार? तिने मान हलवली. पुण्याच्या मुलाने एवढंच विचारलं, "त्या मावशी कुठे राहतात?" पुढचे दोन रविवार तो मावशीच्या अंगणात शेंगा सोलत बसला होता, हे मला नंतर कळलं. मावशी सांगायची, "त्याची जीभ वयत नाई. सकाय म्हन म्हनलं त सकाळच म्हनते. पन आता थांबून आयकते."

पाहुणी परत गेल्यावर यादीतल्या 'उपाशी आहे का' या एका वाक्यावर आमच्या तीन बैठका झाल्या. मला वाटलं होतं, चहाचा प्रश्न फक्त वऱ्हाडचा. केनियाचे डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांच्याकडेही दुधाचा चहा खाण्यात धरत नाहीत. पोर्तुगालच्या डॉक्टरांनी सांगितलं, आमच्याकडे सकाळच्या कॉफीचं तसंच. नेपाळचे म्हणाले, चिया, म्हणजे आमचा चहा, तर पाण्यासारखाच. सगळ्यांचं झाल्यावर नॉर्वेची बाई म्हणाली, "माझे वडील हर्नियाच्या ऑपरेशनला गेले तेव्हा सकाळी चमचाभर माशाचं तेल पिऊन गेले होते. रोज पितात. आम्ही घरात दोन डॉक्टर. दोघांनीही विचारलं नाही, कारण ते खाणं नाही, ते तेल आहे."

त्या दिवशी पहिल्यांदाच पाचही चौकोनांतले चेहरे एकदम हसताना दिसले.

नवं वाक्य असं झालं: पेशंटच्या बोलीत, एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारावं, आणि 'हो' हे उत्तर पुरेसं धरू नये. त्याखाली: भीती वाटते असं पेशंट म्हणाला तर कशाची, हे विचारून थांबावं. आणि सगळ्यात शेवटी पेशंटच्या मार्कांचा रकाना. सरांनी तो मसुदा चष्मा पुसून पुसून वाचला. म्हणाले, "इंग्रजी बरं आहे. मावशीचं नाव टाकायला पाहिजे होतं." मी म्हटलं, नावं कोणाचीच नाहीत. "मग ठीक," असं म्हणून त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मला परत दिलाच नाही.

वर्षांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तीन की सहा, यावर आम्ही आजही भांडतो आणि बहुतेक अजून बरीच वर्षं भांडू. पण अकोल्यात एक बदल झाला. आता आठवड्यातून एकदा वरिष्ठ डॉक्टर एकाच विद्यार्थ्याच्या शेजारी उभे राहतात, पूर्ण केस बघतात आणि नंतर दहा मिनिटं त्याला बसवून सांगतात. आठवड्यातून एकदाच. रांगा काही कमी झाल्या नाहीत. मीही अमरावतीत हाताखालच्या डॉक्टरांबरोबर तसं करायला लागले आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की इतरांना सांगता सांगता आपलीच दोन चुकीची वळणं सापडतात.

मूर्तिजापूरची मुलगी पुढल्या चाचणीत चांगल्या मार्कांनी सुटली आणि आता मेळघाटाच्या बाजूला सरकारी दवाखान्यात आहे. तिथले पेशंट कोरकू बोलतात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने नर्सला बसवून सगळ्या खाण्यापिण्याची कोरकू नावं वहीत लिहून घेतली, आणि मला फोन करून तक्रार केली की यादी संपतच नाही.

मावशीचं मात्र आता मोठंच प्रस्थ झालं आहे. दर परीक्षेला खोटे पेशंट तीच आणते. तिच्या आळीतल्या सहा-सात बायका आणि दोन म्हातारे तयार केले आहेत. कोणाला कोणता आजार द्यायचा हे तिच्या अंगणात ठरतं आणि त्यावरून रुसवेफुगवे होतात. एका म्हाताऱ्याने हर्निया घ्यायला साफ नकार दिला, त्याला हृदयाचाच हवा होता, त्यात मान जास्त. परवा मावशीचा मला फोन आला. मी दवाखान्यात हात धूत होते, नर्सने फोन कानाला लावला.

"मॅडम, यंदा मले पोटाचा देऊ नोका. पोटाचा लय झाला. दम्याचा द्या. म्या घरी करून पाह्यला. नातू घाबरून शेजारच्या डॉक्टरले बलावून आनला."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"तपासलं त्यानं. काई नाई म्हने, सगळं बराबर हाये." तिचा आवाज जरा नाराज झाला. "पन मले काईच इचारलं नाई त्यानं. म्या त्याले दहातून चार देल्ले."